ओसाड मुलुखातील मोटारप्रवास

संघाच्या सभासदांपैकी कित्येकांची मुले आज नोकरीनिमित्त परदेशी आहेत. आमचे चिरंजीवही गेली काही वर्षे दक्षिण ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरी राहतात. गतवर्षी जून महिन्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी प्रस्ताव मांडला की, शहरे कोठेही सारखीच. या देशाचे खरे रूप पाहावयाचे तर अंतर्भागातील ओसाड मुलुख, ज्यास तेथील लोक ‘आउटबॅक’ म्हणतात, तो मोटारीने पाहिला पाहिजे. जून म्हणजे तेथील हिवाळा. उन्हाळ्यात त्या वाटेस शहाणा मनुष्य जात नाही.

दुकानदाराच्या सवयीने आम्ही प्रथम यादी केली. माणसे पाच : आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई व नऊ वर्षांची नात. पाणी ऐंशी लिटर. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाखरे व गूळपापडीचे लाडू सूनबाईंनी डबे भरभरून घेतले, कारण त्या मुलुखात आपल्या पंक्तीचे अन्न मिळण्याची आशा करणे व्यर्थ. सूर्यास्तानंतर तेथे कांगारू व गुरे रस्त्यात आडवी येतात, म्हणून अंधारात मोटार हाकू नये असा शिरस्ता आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याच्या आमच्या नेमाशी तो चांगलाच जुळला. यादीत स्टेपनी एकच होती. जाणते लोक दोन घेतात, हे आम्हांस मागाहून कळले.

दुसऱ्या दिवशी मारी या चिमुकल्या गावी पोहोचलो. तेथील खजुरीची झाडे पाहून प्रथम नवल वाटले व मग त्यांचा इतिहास ऐकून अधिकच वाटले. १८६६ साली टॉमस एल्डर नामक व्यापाऱ्याने कराचीहून शंभरावर उंट व त्यांचे हाकणारे पोर्ट ऑगस्टा बंदरी उतरविले. त्या काळी कराची मुंबई इलाख्यात आणि आमचे बेळगावही मुंबई इलाख्यातच! या उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. वस्तुतः त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी व पेशावरचे लोकही होते. दूरदूरच्या वाड्यांवर पीठ, चहा, साखर पोहोचवावी व परतताना लोकरीचे गठ्ठे आणावेत, हा त्यांचा उद्योग. १८८४ मध्ये आगगाडी मारीस आली, तरी पुढचा माल उंटांच्याच पाठीवरून जाई. गावाची मात्र रुळांनी वाटणी केली होती : गोरे एका बाजूस, उंटवाले व मूळ रहिवासी दुसऱ्या बाजूस. ज्यांच्या पाठीवर आपला संसार चालतो त्यांनाच रुळांपलीकडे ठेवावे, ही रीत काही आमच्या देशास अपरिचित नाही. मोटारलॉऱ्या आल्या आणि उंटवाल्यांचा धंदा बसला. पुष्कळ उंट रानात सोडून देण्यात आले. १९८० मध्ये ती आगगाडीही बंद झाली.

याच मारीहून उत्तरेस बर्ड्सव्हिलकडे जाणाऱ्या वाटेवर १९६३ च्या नाताळच्या सुमारास एका कुटुंबाचा अंत झाला. आईबाप व तीन मुलगे. पेट्रोल संपले, पाणी संपत आले, आणि त्यांनी मोटार सोडली. तेही पाचच होते, हे आमच्या कुटुंबाच्या लगेच ध्यानी आले. त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

आमची वाट पश्चिमेची, ऊदनादत्ता मार्गाची. कच्चा रस्ता, दोहों बाजूंस तांबडी जमीन, झाड म्हणून दृष्टीस पडत नाही. तथापि येथे पाणी मुळीच नाही असे नव्हे. भूगर्भातील प्रचंड साठ्याचे पाणी ठिकठिकाणी लहान उंचवट्यांतून आपोआप उसळते. अरबाना आदी मूळ रहिवाशांचा गेरूचा व्यापार या झऱ्यांच्या आधाराने चाले. मागाहून गोऱ्यांची तारयंत्राची ओळ व आगगाडी याच झऱ्यांचा माग धरून गेली. एका झऱ्यापाशी नात अर्धा तास बुडबुडे मोजीत बसली.

विल्यम क्रीक साठ किलोमीटर राहिले असता धारदार दगडाने मागचे चाक फोडले. स्टेपनी चढविली, तिच्यात हवा अर्धीच! पाच किलोमीटरांत तीही बसली. निघण्यापूर्वी आम्ही चारी चाके तपासली होती, पण राखीव चाक तपासण्याचे कोणास सुचले नव्हते. भांडवल मोजावे आणि गंगाजळीकडे पाहू नये, असा तो प्रकार. मोबाइल निरुपयोगी. समोर एक टेकाड होते. तेथे चढून पाहतो, कदाचित संदेश जाईल, असे चिरंजीव म्हणाले. आम्ही जन्मात त्यांना इतक्या कठोरपणे ‘बसा खाली’ म्हटले नव्हते. मोटारीच्या सावलीत चादर अंथरली, पाण्याचा हिशेब पुन्हा केला आणि बसलो.

चार तासांनी धुळीचा लोट दिसला. जवळच्या गुरांच्या वाडीवरला एक गडी होता. ‘जवळची’ म्हणजे काय, तर ॲना क्रीक नामक त्या वाडीचे क्षेत्रफळ सुमारे १५ हजार चौरस किलोमीटर, आमच्या अख्ख्या बेळगाव जिल्ह्याहून मोठे. तेथील गुरे कशासाठी पाळतात हे आम्हांस ठाऊक होते. मनात आले, आणि तसेच राहिले. त्याने चाकाचे भोक बुजविले, स्वतःच्या यंत्राने दोन्ही चाकांत हवा भरली व चिरंजीवांस चार शब्द सुनावले. पैसे पुढे करताच हात झटकला. नातीने दिलेले दोन लाडू मात्र त्याने उभ्याउभ्या खाल्ले आणि तिसरा खिशात घातला.

विल्यम क्रीकला पोहोचलो तेव्हा अंधार पडून तास झाला होता. नातीला दशमी दिली. आम्हां मोठ्यांचे भोजन त्या दिवशी राहिले.