शंभर चुका दिसल्या तरी पहिली ओळ वाचा

आपल्या पुष्कळ घरांतील मुलेमुली आज संगणक शिकत आहेत. डिप्लोमा असो, बीसीए असो की इंजिनिअरिंग, 'जावा' ही भाषा बहुधा येतेच. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने ती १९९५ साली जगापुढे आणली.

अडचण येते ती अशी. मुलगी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी काही वर्षांपूर्वीचे एखादे पॅकेज घेते. पूर्वी ते नीट चालत होते. नव्या जावावर बांधायला घेतले की पडद्यावर चुकांची रांग लागते. शंभर चुका! "हे माझ्याने होणार नाही," असे ती म्हणते आणि फी वाया गेली असे घरच्यांना वाटते.

आम्ही सांगतो, हिंमत सोडू नका. लिहिलेला प्रोग्राम तपासून तो चालण्याजोग्या रूपात आणतो, तो कंपायलर. एखादी वस्तू त्याला सापडली नाही की ती जेथे जेथे वापरली असेल तेथे तेथे तो तक्रार करतो. रेशन कार्डावर एक नाव चुकले की प्रत्येक खिडकीवरून अर्ज परत येतो, तसेच हे. शिवाय जावाचा कंपायलर सांगितल्याशिवाय शंभरापेक्षा जास्त चुका छापतच नाही. म्हणून अगदी वर जावे आणि पहिली चूक वाचावी. फाइलचे नाव, ओळीचा क्रमांक आणि तक्रार, तिन्ही तेथे असतात.

नेहमी आढळणारी एक तक्रार पाहा: 'पॅकेज जावाएक्स डॉट एक्सएमएल डॉट बाइंड डज नॉट एक्झिस्ट'. म्हणजे या नावाचे पॅकेज सापडत नाही. २००६ च्या जावा ६ पासून ते जावासोबतच मिळत असे. २०१७ च्या जावा ९ मध्ये ते काढण्याची सूचना दिली गेली आणि २०१८ च्या जावा ११ मधून ते काढून टाकले. यात मुलीची काय चूक?

उपाय दोन आहेत. पहिला, जावा ८ बसवून त्यावर पॅकेज बांधावे. मात्र एकाच संगणकावर दोन जावा असतील तर 'जावा होम' या सेटिंगमध्ये कोणत्या जावाचा पत्ता आहे तो पाहावा. मेव्हन वापरत असाल तर 'एमव्हीएन -व्हर्जन' ही आज्ञा द्या. मेव्हन कोणती जावा वापरतो ते लगेच कळते.

दुसरा उपाय, नवी जावा ठेवून हरवलेले पॅकेज मेव्हनच्या 'पॉम' फाइलमध्ये वेगळे जोडावे. येथे २.३ ही आवृत्तीच घ्यावी. ३.० पासून नावातील 'जावाएक्स' जाऊन 'जकार्ता' आले आहे. नवी आवृत्ती जोडली तर जुनीच तक्रार पुन्हा दिसते. बांधणी झाल्यावर चालवण्यासाठी त्याच २.३ चे 'रनटाइम'ही जोडावे लागते.

एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा बांधून पाहावे. कोणती जावा, कोणती चूक, कोणता उपाय, हे तारखेसह वहीत लिहावे. ती वही पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्यावी. पालकांनीही रात्री संगणकापुढे बसलेल्या मुलीला "जमत नसेल तर सोड" असे म्हणू नये. "पहिली ओळ काय म्हणते?" एवढे जरूर विचारावे.