पडद्यावरच्या फुटबॉलमधील चुरस

शाळा सुटल्यावर देवळाच्या ओट्यावर एकाच मोबाइलवर माना घालून बसलेली मुले तुम्ही रोज पाहता. मध्येच एखादा 'गोल!' म्हणून ओरडतो. मैदान नाही, चेंडू नाही, आणि गोल मात्र झालेला असतो. असा हा पडद्यावरचा फुटबॉल. या खेळाच्या दोन नामांकित मालिका आहेत, एक अमेरिकन कंपनीची आणि दुसरी जपानी. त्यांच्यामध्ये पंचवीसएक वर्षे मोठी चुरस चालली. मुलांच्या हातातला खेळ त्या चुरशीतून घडला, आणि चुरस ओसरली तेव्हा पालकांच्या खिशापर्यंत तिची झळ आली. म्हणून ही हकिकत शिक्षकांनी आणि पालकांनी ऐकण्यासारखी आहे.

प्रथम खेळ चालतो कसा ते पाहू. पडद्यावर दोन्ही बाजूंचे मिळून बावीस खेळाडू असतात. तुम्ही बटणे दाबून एका वेळी आपला एकच खेळाडू हलवता. बहुधा ज्याच्या पायाशी चेंडू असेल तो. तुमचे बाकीचे दहा गडी यंत्राच्या हुकमाने पळतात. तेव्हा खेळाचा कस लागतो तो दोन ठिकाणी. ते दहा गडी शहाण्यासारखे पळतात का? आणि चेंडू चेंडूसारखा वागतो का? ऐकायला सोपे वाटते, पण या दोन प्रश्नांवर मोठमोठ्या कंपन्यांची हयात गेली.

अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये आपला पहिला फुटबॉल खेळ बाजारात आणला. तो तयार झाला कॅनडात. जागतिक फुटबॉलची शिखर संस्था फिफा हिच्याकडून कंपनीने नाव वापरण्याचा परवाना घेतला होता, म्हणून खेळाचे नावही फिफा. गंमत अशी, की त्या पहिल्या खेळात खेळाडूंची नावे सगळी काल्पनिक होती. खरी नावे दोन वर्षांनी, खेळाडूंच्या जागतिक संघटनेशी करार झाल्यावर आली.

जपानची कोनामी ही कंपनी १९६९ साली ओसाका प्रांतात निघाली. नाणे टाकले की गाणे वाजवणारी यंत्रे भाड्याने देणे आणि दुरुस्त करणे हा तिचा मूळ धंदा. तिथून ती खेळांकडे वळली. तिच्या फुटबॉलच्या मालिकेला २००१ पासून युरोपात प्रो इव्होल्यूशन सॉकर असे नाव मिळाले. शिंगो ताकात्सुका हे तिचे प्रमुख रचनाकार.

जुन्या पुष्कळ खेळांत चेंडू पायाला दोरीने बांधल्यासारखा असे. खेळाडू वळला की चेंडूही वळे. कोनामीच्या लोकांनी चेंडू सुटा केला. पास जोरात दिला तर तो लांब जाई, वाकड्या पायाने घेतला तर उसळे. धिप्पाड बचावपटू आणि चपळ आघाडीवाला यांची चाल वेगळी दिसे. फिफात धावत सुटून गोल करता येई. कोनामीच्या खेळात मात्र आधी जागा शोधावी लागे, आणि शून्य-शून्य बरोबरीतही रंगत असे. मला विचाराल तर खेळ म्हणून या शतकाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत कोनामीच सरस होती, आणि त्या काळच्या बहुतेक जाणत्या खेळाडूंचेही हेच म्हणणे होते.

पण कोनामीजवळ नावे नव्हती. आता, 'पाटाकडील' आणि 'खंडोबा' या तालमींची नावे न घेता कोल्हापूरच्या सामन्याचे वर्णन करायला कोणी सांगितले तर कशी पंचाईत होईल? कोनामीचे तसेच झाले. मँचेस्टर युनायटेड तिच्या खेळात 'मॅन रेड' झाला, लिव्हरपूल झाला 'मर्सीसाइड रेड'. ब्राझीलचा प्रसिद्ध रॉबर्टो कार्लोस एके काळी 'रॉबर्टो लार्कोस' होऊन खेळला! हसू येते खरे, पण यामागे कायदा आहे. नाव, चेहरा, गणवेशावरचे बोधचिन्ह ही मालमत्ताच समजली जाते. खुद्द इलेक्ट्रॉनिक आर्ट्सवर जर्मन गोलरक्षक ऑलिव्हर कान याने दावा लावला होता. २००२ च्या विश्वचषकाच्या खेळात आपले नाव आणि रूप परवानगीवाचून वापरले, ही त्याची तक्रार. २००३ मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

कोनामीच्या चाहत्यांनी यावर जो उपाय काढला तो मला फार आवडतो. खेळात नावे बदलण्याची सोय होती. लोक रात्र रात्र जागून शेकडो खेळाडूंची खरी नावे एकेक अक्षर निवडून भरत, गणवेशांचे रंग जुळवत आणि ती भरलेली यादी इतरांना फुकट वाटत.

मग फासे पालटले. २००६ च्या सुमारास खेळयंत्रांची नवी, अधिक ताकदीची पिढी आली. कोनामीला ती लवकर पेलली नाही. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मात्र प्रतिस्पर्ध्याकडून धडा घेतला आणि खेळाची घडणच सुधारायला घेतली. आधी खेळाडू आठच दिशांना वळत असे. २००९ मध्ये आलेल्या खेळात तो चेंडूसह हव्या त्या दिशेला वळू लागला. नावे तर तिच्याकडे होतीच, आता खेळही आला. कोनामीने युरोपच्या चॅम्पियन्स लीगचा परवाना २००८ पासून दहा वर्षे सांभाळला, तोही गेला. इटलीच्या युव्हेंटस क्लबशी तिने २०१९ मध्ये खास करार केला, तेव्हा फिफात त्या क्लबला 'पिएमोंते काल्चो' असे टोपणनाव घ्यावे लागले. जुनी उधारी फेडल्यासारखे वाटले असेल. पण २०२२ मध्ये युव्हेंटसही परत गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये कोनामीने जुने नाव टाकून ई-फुटबॉल हा फुकट खेळ आणला. तो इतका कच्चा होता, की वेडेवाकडे दिसणाऱ्या खेळाडूंची चित्रे जगभर फिरली आणि कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

गावात एकच दुकान उरले की काय होते हे तुम्हाला सांगायला नको. फिफा मालिकेत २००९ पासून एक नवा प्रकार होता. तुम्ही आपला संघ पत्त्यांसारख्या खेळाडू-चित्रांतून जमवायचा. चित्रे पाकिटात येतात, आणि पाकीट विकत घेताना आत कोण निघेल ते कळत नाही. बारका खेळाडू निघाला की मूल दुसरे पाकीट मागते. मार्च २०२१ ला संपलेल्या वर्षात या प्रकारातून, सर्व क्रीडाखेळ धरून, कंपनीला १६२ कोटी डॉलर मिळाले. बेल्जियमच्या नियंत्रकांनी २०१८ मध्ये असल्या विक्रीला जुगार ठरवले, आणि पुढच्या वर्षी कंपनीने त्या देशात पाकिटांसाठी लागणारे गुण पैसे घेऊन विकणे बंद केले. जी कंपनी पूर्वी चेंडू कसा उसळतो यावर प्रतिस्पर्ध्याशी झुंजत होती, तिला आता पाकीट विकण्याची अधिक घाई दिसू लागली, असे माझे मत आहे.

शेवटी नावाचाच तंटा झाला. २०२१ पर्यंत फिफा मालिकेच्या ३२ कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. नवा करार करताना फिफा संस्थेने फार मोठी रक्कम मागितल्याच्या बातम्या आल्या, आणि मे २०२२ मध्ये फारकत जाहीर झाली. सप्टेंबर २०२३ पासून तोच खेळ ईए स्पोर्ट्स एफसी या नावाने मिळू लागला. शिखर संस्थेचे नाव गेले, पण क्लबांचे, लीगचे आणि खेळाडूंचे तीनशेहून अधिक परवाने कंपनीने हातचे जाऊ दिले नव्हते. म्हणून खेळणाऱ्याला फारसा फरक जाणवला नाही. २०२१ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून त्यात आपली इंडियन सुपर लीगही आली होती, म्हणजे एफसी गोवा आणि मुंबई सिटी हेही त्यात होते.

आणि फिफा संस्था? तिने २०२४ मध्ये हात मिळवला तो कोनामीशी. त्या वर्षी डिसेंबरमध्ये रियाधला फिफाच्या नावाने पडद्यावरच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा झाली, ती ई-फुटबॉलवर. ज्या कंपनीला एके काळी खेळाडूंची खरी नावे लिहिता येत नव्हती, तिच्या पाटीवर आता फिफाचे नाव आले.

ओट्यावरच्या मुलाच्या मोबाइलवर यांपैकी कोणताही खेळ असू शकेल. दोन्ही कंपन्यांचे मोबाइलवरचे खेळ फुकट उतरवता येतात, आणि दोन्हींत आत दुकान आहे. त्याला एवढे जरूर विचारा, की तुझा हा गडी तू खेळून मिळवलास, की वडिलांच्या खात्यातून?