घरपट्टीची तक्रार केव्हा करावी?

घरपट्टीचे बिल हाती पडले म्हणजे गृहस्थ जागा होतो. अंधेरीचा असो की मुलुंडचा, तो बिल घेऊन वॉर्ड ऑफिसात जातो, आणि तेथे त्यास ऐकावे लागते की, मूल्याविरुद्ध तक्रार करण्याची मुदत टळली. त्यास नवल वाटते. बिल तर कालच आले! घोटाळा होतो तो येथेच. बिल हा मागाहून येणारा कागद होय. त्याच्या आधी आलेला कागद बहुधा खणात पडून राहिलेला असतो.

हा व्यवहार 1888 सालच्या मुंबई महानगरपालिका कायद्याने चालतो. अंधेरी व घाटकोपर 1950 साली आणि बोरिवली व मुलुंड 1957 साली महापालिकेच्या हद्दीत आली, तेव्हा तेथील घरांनाही तोच कायदा लागू झाला. घराचे मूल्य वहीत प्रथमच नोंदले किंवा वाढविले, तर आयुक्तांनी खास नोटीस दिली पाहिजे. तक्रारीचे दिवस या नोटिशीपासून मोजावयाचे. मूळ कायद्यात ते अवघे 15 होते. आपल्या नोटिशीवर कोणती मुदत छापली आहे, ते सर्वांआधी वाचावे.

तक्रार लेखी हवी. 2010 सालापासून आकारणी भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर होते. त्यात क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार व इमारतीचे वय धरले जाते. म्हणून ‘पट्टी परवडत नाही’ असे लिहून काही साधत नाही. क्षेत्रफळ चुकले असेल तर नकाशा जोडावा, आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा. सुनावणीचा दिवस तक्रारदारास कळविला जातो. त्या दिवशी हजर राहणे बरे.

निकाल पटला नाही, तर लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अपील करता येते. ही मुदतही थोडीच असते, व ती तक्रारीचा निकाल लागल्या दिवसापासून धावू लागते. मूल्याविरुद्ध आधी तक्रारच केली नसेल, तर त्या मूल्यावर अपील चालत नाही. अपील कराच्या रकमेविरुद्ध असेल, तर त्याची मुदत मात्र बिलापासून धरतात; परंतु मागितलेली रक्कम प्रथम भरावी लागते. अपील न केलेले मूल्य अंतिम ठरते. नियम कडक खरा. पण दरसालचा हिशेब कायम उघडा ठेवून कोणत्याही नगरपालिकेचा कारभार चालणार नाही, हेही खरे.

उपनगरांत आणखी एक अडचण आहे. पुष्कळ ठिकाणी बिल व नोटीस गृहनिर्माण संस्थेच्या नावे येते, व चिटणिसांच्या कपाटात राहते. सभासदांनी ती पाहावयास मागावी, आणि संस्थेच्या हाती ती कोणत्या तारखेस पडली, तेही विचारून घ्यावे.