हिशेबाचीं सूत्रें

आमचा पुतण्या विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेंत शेवटच्या वर्षास आहे. गेल्या महिन्यांत एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो ओसरीवर येरझारा घालीत आंतरराष्ट्रीय लेखामानकांचीं कलमें घोकीत होता. पाठांतराविषयीं आमच्या मनांत अनादर नाहीं. रूपावली व अमरकोश घोकूनच आमचा संस्कृतांत प्रवेश झाला. तरी कांहीं वेळ ऐकून आम्हीं त्यास विचारिलें, "एका कारखान्यावर नुकसानभरपाईचा दावा लागला आहे; निकाल व्हावयाचा आहे. ती रक्कम यंदाच्या हिशेबांत देणें म्हणून धरावयाची कीं नाहीं?"

त्यानें ३७ वें मानक धडाधड म्हणून दाखविलें. पैसे द्यावे लागण्याचा संभव न लागण्याहून अधिक असेल आणि रकमेचा भरंवशाचा अंदाज करतां येत असेल, तर तरतूद करावी. नुसती शक्यता असेल, तर टीपेंत नमूद करावें. शक्यता अगदींच दूरची असेल, तर तेंहि नको. "ठीक. मग या कारखान्यानें काय करावें?" असें विचारतांच स्वारी थबकली. "काका, परीक्षेंत एवढेंच येतें," असें तो म्हणाला.

दोष त्या मुलाचा नव्हे, शिकविण्याच्या रीतीचा आहे. हीं मानकें कशासाठीं जन्मलीं, हें वर्गांत आधीं सांगितलें पाहिजे. डाइम्लर-बेंझ या जर्मन मोटार-कंपनीनें १९९३ सालीं न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत प्रवेश केला. त्या वर्षीं जर्मन नियमांप्रमाणें तिला ६१.५ कोटी मार्क नफा झाला होता. अमेरिकन नियमांप्रमाणें मांडतां तोच १८३.९ कोटी मार्क तोटा ठरला! कारखाना एक, वर्ष एक. गुंतवणूकदारानें विश्वास कशावर ठेवावा? असले घोटाळे टाळण्यासाठींच निरनिराळ्या देशांच्या लेखापाल-संस्थांनीं १९७३ सालीं लंडन येथें समिती स्थापिली होती. २००१ सालीं तिच्या जागीं आजचें मंडळ आलें. युरोपीय संघानें २००५ पासून आपल्या नोंदलेल्या कंपन्यांस हीं मानकें लागू केलीं. आपल्या देशानें तीं कांहीं फेरफारांसह 'इंड एएस' या नांवानें २०१५ सालीं जाहीर केलीं, व १ एप्रिल २०१६ पासून प्रथम ५०० कोटी रुपये वा अधिक निव्वळ मत्तेच्या कंपन्यांस तीं बंधनकारक झालीं.

या मानकांचा मूळ स्वभाव सूत्राचा आहे. तत्त्व थोडक्यांत सांगावें व विनियोग जाणत्याच्या विवेकावर सोपवावा, अशी त्यांची ठेवण आहे. सूत्र मुखोद्गत असून प्रयोग साधत नसेल, तर त्यास वैयाकरण कोण म्हणेल? शिवाय सूत्रेंहि बदलतात. विमान-कंपनीनें विमानें भाड्यानें घेतलीं, तर पुष्कळदा त्या कराराचें ओझें पूर्वीं ताळेबंदांत दिसतच नसे. २०१९ पासून वापराचा हक्क ही मालमत्ता व पुढील भाडें हें देणें म्हणून दोन्ही मांडावीं लागतात. ज्यानें जुनें कलम घोकलें होतें, त्याची विद्या एका रात्रींत शिळी झाली. मालमत्ता म्हणजे काय आणि देणें म्हणजे काय, हें ज्यास उमगलें होतें, त्यास नवें कलम परकें वाटलें नाहीं. म्हणूनच मंडळाच्या शिक्षणविभागानेंहि मूळ संकल्पनांच्या चौकटीपासून शिकविण्याचा पुरस्कार केला आहे.

प्राध्यापकांची अडचण आम्ही जाणतों. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर असतां, ज्या प्रश्नास दोन समर्थनीय उत्तरें संभवतात त्यास गुण कसे द्यावे? आम्हीं स्वतः निबंध तपासतांना तीच कुचंबणा सोसली आहे. पण ज्यांची पेन्शनीची शिल्लक कंपन्यांच्या भागांत गुंतली आहे, त्यांस कलमें म्हणून दाखविणारा लेखापाल काय कामाचा?

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें एका कंपनीचा वार्षिक अहवाल आणला. टीपांमध्यें दावे सांपडले. त्यांतील एकाची तरतूद व्हावयास हवी होती, असें त्याचें मत; टीप पुरेशी आहे, असें आमचें. वाद अकरापर्यंत चालला. शेवटीं वहिनींनीं आंतून दिवा मालविण्यास सांगितलें, तेव्हां तो अहवाल उशाशीं घेऊन निजावयास गेला.