कुठं दिली?

पुण्यातला माझा पहिला इंटरव्ह्यू. मासकॉमची डिग्री हातात, नवेकोरे फॉर्मल्स अंगावर, कॉन्फिडन्स एकदम सॉलिड. 'आय गेव्ह माय फायनल एक्झाम इन मे,' असं मी म्हटलं आणि टेबलापलीकडच्या मॅडम गोड हसून म्हणाल्या, 'यू मीन, यू टुक इट?' झालं! साताऱ्याची पोरगी तिथंच गार.

तुमचंही झालंय ना असं कधी? आपण परीक्षा देतो आणि सर परीक्षा घेतात. साहेबाच्या भाषेत नेमकं उलटं. तिथं विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो नाहीतर परीक्षेला 'सिट' होतो, आणि 'गिव्ह' करतात ते मास्तर. मला विचाराल तर आपलंच लॉजिक बरोबर. तीन तास मान मोडून लिहायचं आपण, घाम आपला, मग देणारे आपणच ना? भारतात हे 'गिव्ह' राजरोस चालतं. पण क्लायंट परदेशातला असेल तर मेलमध्ये 'टेक'च लिहा, बॉस.

अशा गमती बऱ्याच. आपण लक्ष देतो, ते 'पे' करतात. आपण भेट देतो, तीही ते 'पे' करतात. मैत्रिणीला 'जाऊ दे, सोडून दे' म्हणायचं असेल तर 'लेट इट गो' म्हणा. 'गिव्ह इट अप' म्हणजे नाद सोड, प्रयत्न सोड. ती उगाच भडकेल.

ऑफिसात दिवसभर ज्याच्याशी झटापट करता तो 'डेटा'सुद्धा देण्यातूनच आलाय. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'दिलेल्या गोष्टी'. संस्कृतातलं 'दत्त' त्याच मुळाचं. म्हणजे सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी औदुंबरला बसलेले दत्त आणि तुमची एक्सेल शीट लांबचे नातेवाईक! 'गिव्ह' मात्र या घराण्यातला नाही.

'दत्तक'ही त्याच घरातला, आणि त्या शब्दापायी आमच्या साताऱ्याचं राज्य गेलं. १८४८ मध्ये छत्रपती शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीच्या सरकारनं ते दत्तकविधान मानलं नाही आणि राज्य खालसा केलं. देणारे-घेणारे तयार होते, मोडता घातला तिसऱ्यानंच.

घरातल्या देण्याघेण्यात मात्र असा तिसरा कुणी आडवा येत नाही. गेल्या भाऊबीजेला पप्पांबरोबर सांगलीला आत्याकडे गेले होते. साताऱ्यात पप्पांना कुणी विचारलं, 'बहीण कुठं दिलीय?' की ते म्हणतात, 'सांगलीला दिली.' सांगलीत आत्याच्या सासूबाई सांगतात, 'आम्ही साताऱ्याची केली.' एकाच लग्नाची दोन क्रियापदं, आणि आत्या दोन्ही वाक्यांत कर्म. कर्ता म्हणून ती एकदाच सापडते. मार्चमध्ये तिनं बारावीची परीक्षा दिली. मेमध्ये तिला दिली.

इंग्रजांनी फार हसू नये. चर्चमधल्या लग्नात बाप मुलीला हाताला धरून नेतो, त्याला ते 'गिव्ह अवे' म्हणतात. कंपन्या फुकट वाटतात त्या टी-शर्टांनाही 'गिव्हअवे'च म्हणतात!

फराळाची ताटं पुढ्यात आली, इंटरव्ह्यूचा किस्सा सांगून झाला, आणि आत्यानं हमखास येणारा प्रश्न टाकलाच. 'मग आता तुला कुठं द्यायची?'

'मला द्यायची नाहीये, आत्या. माझं मीच करणार.'

पप्पांनी पेपर तोंडासमोर धरला. सासूबाईंना ऐकूच आलं नाही, किंवा त्यांनी तसं दाखवलं. आत्या चकली मोडता मोडता थांबली. मग तेलकट हात पदराला पुसून तिनं माझ्यापुढं पसरला.

'दे टाळी!'