कोंबडी आजारी आहे, हे वेळेत कसे ओळखाल?

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ असो, वसमत असो की सेनगाव, अंगणात चार-दोन गावरान कोंबड्या असणे ही रोजची गोष्ट आहे. घरातली लहान मुले एखाद्या कोंबडीला नावही देतात. मग एका सकाळी ती खुराड्यातून बाहेरच येत नाही. 'काल तर चांगली होती,' असे सगळे म्हणतात. बहुतेक वेळा ती काल चांगली नसते, फक्त तसे दिसत नसते.

कोंबडी आजार का लपवते?

कोंबडी हा शिकार होणारा पक्षी आहे. अशक्त पक्ष्यावर मांजर, मुंगूस, घार आधी झडप घालतात. कळपातल्या इतर कोंबड्याही त्याला टोचतात. म्हणून अंगात त्राण असेपर्यंत कोंबडी नेहमीसारखी वावरते. आजार उघड दिसतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो. त्यामुळे निरोगी कोंबडी कशी वागते, हे आधी माहीत असायला हवे.

सकाळची दोन मिनिटे

खुराडे उघडताना चार गोष्टी पाहा.

- चाल : निरोगी कोंबडी दार उघडताच दाण्यावर तुटून पडते. मागे राहणारी, पिसे फुलवून, मान आखडून, डोळे मिटून उभी असलेली कोंबडी वेगळी काढा.
- तुरा आणि डोळे : अंड्यावर असलेल्या कोंबडीचा तुरा लालभडक असतो. तो फिका, निळसर किंवा जांभळा पडणे, डोळ्यांत फेस किंवा नाकातून पाणी येणे ही आजाराची लक्षणे आहेत. तुऱ्यावर खपल्या धरलेले फोड आले असतील तर देवी रोगाची शंका घ्यावी.
- विष्ठा : तपकिरी विष्ठेवर पांढरा थर असणे नेहमीचेच आहे. तो लघवीचा भाग असतो. पातळ हिरवी विष्ठा किंवा पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले, तर थांबू नका.
- श्वास : सावलीतही चोच उघडी ठेवून श्वास घेणे, घरघर किंवा शिंका.

शंका आली तर कोंबडी उचलून छातीचे हाड चाचपा. ते सुरीसारखे टोचत असेल, तर ती बऱ्याच दिवसांपासून नीट खात नाही असे समजा.

प्रत्येक बदल म्हणजे आजार नाही

खुडूक कोंबडी दिवसभर एका जागी बसते, कमी खाते आणि हात लावला की फुगून अंगावर येते. हा आजार नाही. वर्षातून एकदा जुनी पिसे झडतात, तेव्हा अंडीही थांबतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार गेला की कोंबड्या धापा टाकतात, कारण त्यांना घाम येत नाही. सावली आणि गार पाणी मिळाल्यावर धाप थांबली, तर ते ऊनच होते. मात्र मान टाकली किंवा पाय लटपटले, तर उष्माघाताचा धोका असतो.

मानमोडी आणि बर्ड फ्लू

मान वाकडी होणे, पाय-पंख लुळे पडणे, हिरवी हगवण ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची ओळखीची लक्षणे आहेत. विषाणूमुळे होणाऱ्या या रोगावर औषध नाही, लस आहे. पिल्लू आठवडाभराचे होण्याच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकात 'लासोटा' लसीचा थेंब देतात आणि साधारण दोन महिन्यांनी पुढची लस टोचतात. लस निरोगी पक्ष्यालाच द्यायची असते. आजार आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

बर्ड फ्लूमध्ये डोके सुजते, तुरा जांभळा पडतो. कधी कधी कोणतेही लक्षण न दिसता एका रात्रीत अनेक कोंबड्या मरतात. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुने तपासल्यावर बर्ड फ्लू असल्याचे स्पष्ट झाले आणि आसपासच्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. नुसते पाहून हे दोन रोग वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी तपासणीच लागते.

लक्षण दिसले तर काय कराल?

एकच कोंबडी मलूल असेल, तर तिला इतरांपासून दूर, सावलीत डालग्याखाली ठेवा. पाणी आणि दाणे वेगळे द्या. आधी निरोगी कोंबड्यांना चारा-पाणी करा, आजारी कोंबडीकडे शेवटी जा आणि नंतर साबणाने हात धुवा. घरातल्या माणसांच्या गोळ्या अंदाजाने देऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा.

एकापाठोपाठ कोंबड्या मरू लागल्या, तर गोष्ट एका घरापुरती राहत नाही. अशा वेळी अनेक जण उरलेल्या कोंबड्या घाईने कापतात किंवा आठवडी बाजारात विकून टाकतात. नुकसान वाचवण्याचा हा प्रयत्न समजण्यासारखा आहे, पण रोग गावोगाव पोहोचतो तो याच वाटेने. आजारी कोंबडी कापताना, सोलताना बर्ड फ्लूची लागण माणसालाही होऊ शकते. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. कुत्री, कावळे आणि पाणी रोग पुढे नेतात. आधी ग्रामपंचायतीला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या २००९ च्या कायद्यानुसार अशी माहिती देणे मालकाचे कर्तव्यही आहे.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. रोगाचेही तसेच आहे. मेलेल्या दोन कोंबड्यांची खबर वेळेत दिली, तर शेजारच्या अंगणातल्या वीस वाचू शकतात.