भांडवल आणि कल्पकता यांची सोयरीक

नव्या उद्योगास कल्पकता व भांडवल दोन्ही लागतात. परंतु त्यांची परस्परांशी ओळख असतेच असे नाही. ती घडविण्याचे कार्य पुणे प्रांतास नवे नव्हे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने घरोघरचा पैसा जमवून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना काढला व कारागीरही शिकविले. १९३४ साली पुण्यात मराठा चेंबर, तर १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्र स्थापन झाली. २००७ साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आश्रयाने निघालेले व्हेंचर सेंटर शास्त्रज्ञांच्या शोधांना जागा, उपकरणे व सल्ला पुरविते. साधने पालटली, मूळ अडचण तीच. नव्या प्रयोगात अपयश संभवतेच. ते सोसण्याइतका विश्वास असेल तरच धनिक नवख्याच्या हाती पैसा देतो. आणि असा विश्वास नित्याच्या सहवासानेच जडतो.